मदत हवी आहे: बाबांची अँजिओग्राफी, इन्सुलिनचं काय?

नमस्कार मंडळी, गुरुवारी सकाळी बाबांची (वय ६८) अँजिओग्राफी आहे, मनगटातून करणार आहेत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.४ आलंय. अँजिओग्राफीत रक्तात सोडतात त्या डायचा किडनीवर ताण येतो, म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) बंद ठेवायला सांगितलंय; अ‍ॅस्पिरिन मात्र चालू. सकाळी उपाशीपोटी यायचंय. पण बाबा इन्सुलिनही घेतात. नंबर उशिरा लागला आणि साखर उतरली तर, याचीच मला धास्ती वाटते. तुमच्याकडे कुणाला सकाळचा डोस कमी करायला सांगितला होता का? उद्या डॉक्टरांना विचारणारच आहे, अजून काय काय विचारून घेऊ?

आणि ब्लॉकेज दिसलं तर तिथेच स्टेंट टाकायची संमती आधीच घेतात म्हणे. तुम्ही तेव्हा काय ठरवलंत? आई फार घाबरली आहे.