शब्दचर्चा : प्लॅस्टिक 'विरघळलं', 'वितळलं' की 'तुटलं'?

कोथरूडकर : २८ फेब्रुवारीला सोसायटीतल्या पोरांसाठी विज्ञान दिनाचा तक्ता करतोय, पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट वगैरे, ते द्रावकात टाकून कसं मोडतात यावर. मी 'विरघळणे' लिहिलं, बायको म्हणते 'विघटन' लिही, शेजारचे काका म्हणतात 'वितळणे'. तिन्ही एकच ना?

पाषाणवाला : छे हो! वितळायला उष्णता लागते, पेट साधारण २५० अंशांना वितळतं, तिथे द्रावकाचा काय संबंध. विरघळताना प्लॅस्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्या एकमेकींपासून सुट्या होऊन द्रावकात पसरतात पण प्रत्येक साखळी अखंड, विघटनात कडीच तुटते. गुलाबजामचा पाक आठवा, साखर पाण्यात विरघळली तरी साखरच, पाणी आटलं की परत खडे, पण लिंबू पिळून उकळलं की थोडी साखर फुटून ग्लुकोज नि फ्रुक्टोज होते म्हणून पाक साखरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात.

नातूबागवाला : आमच्याकडे चौथा शब्द आहे, 'खाणे'. थर्माकोलच्या मखराला स्प्रे मारला नि रंगाने मखर खाल्लं, ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री. (थर्माकोल पॉलिएस्टर नाही ठाऊक आहे, शब्दापुरतं सांगतोय.)

पाषाणवाला : शब्द झकास पण फसवा, मखरात नुसतं विरघळणं झालं, तुटलं काहीच नाही. खरं खाणं कापडवाल्यांकडे, ते पॉलिएस्टर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून काढतात, धागा वरून झिजतो नि कापड रेशमासारखं मऊ पडतं. पेट पाण्यात विरघळतच नाही ना, म्हणून कॉस्टिक वरवरच कुरतडत बसतं. तेच कॉस्टिक पाण्याऐवजी मिथेनॉलमध्ये (हे एक अल्कोहोल) घेऊन त्यात डायक्लोरोमिथेन हा द्रावक घातला तर प्लॅस्टिक फुगतं, आत शिरायला वाट मिळते, मग भट्टी न लावता साध्या तापमानालाही कॉस्टिकच्या जोरावर मिथेनॉलच साखळी तोडतं. शिवाय पाण्यात कॉस्टिकमधल्या हायड्रॉक्साइडला, म्हणजे तोडणाऱ्या कणाला, पाण्याच्या रेणूंचा गराडा पडलेला असतो, डायमिथिल सल्फॉक्साइड हा दुसरा द्रावक जास्त असला की तो गराडा सैल होतो आणि गडी एस्टरच्या बंधावर, म्हणजे साखळीच्या कड्या जोडणाऱ्या सांध्यावर, अक्षरशः तुटून पडतो.

कोथरूडकर : थांबा, मग मिथेनॉलला द्रावक म्हणू का? ते तर स्वतःच तोडतंय.

सदाशिवपेठी : शंका रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात 'द्रावक', विश्वकोशात 'विद्रावक', पण दोन्हींत विरघळवणारा एवढाच अर्थ, तोडणारा नाही. पाण्याने तुटलं तर 'जलीय विच्छेदन' आहेच, त्याच चालीवर 'मिथेनॉल-विच्छेदन' करा. 'विघटन' मला ढोबळ वाटतं, ओला कचरा कुजला तरी विघटन नि मंडळात फूट पडली तरी विघटनच.

कोथरूडकर : मिथेनॉल-विच्छेदन वाचायला पोरं थांबणार आहेत का? 'मिथेनॉल साखळीची कडी तोडतं' एवढंच लिहितो. आणि 'वितळणे' खोडलं हे काकांना तुमच्यापैकी कुणीतरी सांगा, मला रोज त्यांच्याच लिफ्टने जायचंय.