नाटकातल्या रोमन व्यापाऱ्याला अंगावर काय घालू?

रेवदंडेकर: मंडळी मदत हवीये. गावच्या जत्रेतलं यंदाचं नाटक आपल्याच चौल बंदरावर आहे, १९०० वर्षांपूर्वी रोमन जहाज लागतं आणि व्यापारी बायको-मुलासकट उतरतो. कपडेपटवाल्यांनी लाल झगा आणि तुऱ्याचं हेल्मेट आणलंय, तो व्यापाराला आलाय की लढायला तेच कळत नाही. दागिने, हातातल्या वस्तू काय असायच्या? बजेट शून्य, घरातल्याच सामानात जुगाड करायचाय.

दर्यावर्दी_७: हेल्मेट आधी परत करा. टोगा पण नको, तो मिरवायचा कपडा, जहाजावर कोण गुंडाळून बसतोय. गुडघ्यापर्यंत अंगरखा, कमरेला पट्टा, वर जाड शाल आणि ती उजव्या खांद्यावर पिनेने अडकवलेली. ही पिन सोडू नका, तिला फिबुला म्हणायचे, पितळेची नाहीतर काशाची, मागे तारेचं वेटोळं आणि टोक अडकवायला खोबण, म्हणजे आपली सेफ्टी पिनच की. हल्लीच्या सेफ्टी पिनचं पेटंट १८४९ चं, पण युक्ती कितीतरी जुनी. मोठी साडीपिन चालून जाईल. बोटात अंगठी हवीच, लाल अकीकाचा खडा, त्यावर चित्र कोरलेलं, मेणावर दाबला की सही झाली. सोन्याची मात्र देऊ नका, कायद्याने ती वरच्या लोकांनाच होती (पाळत किती होते तो भाग वेगळा), याला लोखंडी द्या.

माहेर_दापोली: बायकोच्या कानात मोती!! पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की बायका कानात दोन-दोन तीन-तीन मोती लोंबवतात आणि ते एकमेकांवर आपटून वाजले की खूश होतात. नथ घालू नका हां, तिकडच्या बायकांना नाकातलं नव्हतंच, कितीही सुंदर दिसली तरी. मुलाच्या गळ्यात बुला, म्हणजे गोल पोकळ लॉकेट, आत ताईत, दृष्ट लागू नये म्हणून, पैसेवाल्यांची सोन्याची, बाकीच्यांची चामड्याची, आणि पोरगा मोठा झाला की उतरवून घरच्या देवांना वाहायची. अजून एक, प्लिनीच सांगतो की रोमन लोकांना मोत्यांचं जेवढं वेड तेवढंच भारतीयांना पोवळ्यांचं, आणि पोवळं यायचं रोमनांच्याच समुद्रातून. एवढा सौदा आयता मिळालाय, रंगवा की.

गाजवाला: बायको-पोर कशाला आणलंत? ही जहाजं इजिप्तहून जुलैत सुटायची, नैऋत्येच्या वाऱ्यावर, आणि इथे सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेनंतर, मग वारा उलटेपर्यंत मुक्काम. असल्या खेपेला कोण बायको आणतो. पण वहिनींना रोल द्यायचाच असेल तर आपलं काय जातंय. सामानात अँफोरा घ्या, दोन कानांचा उंच घडा, बुड टोकदार, जमिनीवर उभाच राहत नाही. वाईन, तेल त्यातूनच यायचं, घारापुरीला याचे तुकडे सापडलेत. आणि पणती नको, त्यांचा दिवा वरून झाकलेला, मधे तेल ओतायला भोक नि चोचीत वात.

रेवदंडेकर: भारीच! वहिनींना रोल आहेच, नाहीतर रिहर्सलला चहा बंद होईल. शेवटचं, आमचा हिरो दाढी काढायला तयार नाही, चालेल?

दर्यावर्दी_७: राहू दे. आधीचे रोमन तुळतुळीत, पण ११७ ला हेड्रियन सम्राट झाला, तो स्वतः दाढीवाला, मग सगळ्यांनीच राखली. तुमचं १९०० वर्षांचं गणित बरोबर त्याच्यावरच येतंय.