शब्दचर्चा : 'गुट्सहेर'ला मराठीत काय म्हणावं?

एका जर्मन जमीनमालकाबद्दलचा लेख मराठीत आणते आहे आणि चार दिवस एकाच शब्दापाशी अडकले आहे. शब्द 'गुट्सहेर'. 'गूट' म्हणजे शेतीवाडी, वाडा, गुरंढोरं यांसकट सगळी मालमत्ता. 'हेर' म्हणजे धनी.

माणूस फ्रीडरिश एबरहार्ड फॉन रोखो (१७३४–१८०५). या आडनावाच्या जर्मन स्पेलिंगमध्ये शेवटी एक अक्षर आहे, पण ते उच्चारत नाहीत. बर्लिनच्या 'पांको'चंही तसंच, म्हणून 'रोखोव' लिहू नये. प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात असताना १७५६ साली लोबोझित्सच्या लढाईत तो जखमी झाला. पुढे सैन्य सोडलं आणि १७६० मध्ये ब्रांडेनबुर्ग शहराजवळच्या रेकान या गावची घराण्याची इस्टेट हाती घेतली.

मराठी लेखनात अशा माणसाला सर्रास 'सरंजामदार' किंवा 'जहागीरदार' म्हणतात. मला ते चुकीचं वाटतं. सरंजाम फौज बाळगण्यासाठी मिळायचा आणि सरकार तो काढूनही घेऊ शकायचं. प्रशियात तसा प्रकार पूर्वी होता, पण राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याने १७१७ मध्ये तो मोडला. युद्धासाठी घोडेस्वार पुरवण्याची अट गेली, तिच्याऐवजी घोड्यामागे वर्षाला ४० थालेर (तिथलं चांदीचं नाणं) भरायचे ठरले आणि जमीन घराण्याच्या खासगी मालकीची झाली. म्हणजे रोखोच्या जन्माआधीच तिथला 'सरंजाम' संपला होता.

'वतनदार' थोडा जवळ येतो, पण त्यातही उलटं आहे. पाटीलकी, कुलकर्ण ही कामं आधी आणि त्यांच्यापोटी जमीन. तिथे जमीन आधी. ज्याची जमीन, तोच गावचा न्यायाधीश, तोच पोलीस, आणि चर्चचा पाद्री नेमायचा हक्कही त्याचाच. जाणकारांनी शब्द सुचवावा.

प्रतिसाद :
ताई, आमच्या भंडाऱ्याकडे या, शब्द तयार आहे : 'मालगुजार'. इंग्रजांनी १८६०च्या दशकात मालगुजारांना गावंच्या गावं मालकीहक्काने दिली. त्यांची घरची खास जमीन असायची, तिला 'सीर' म्हणत. गावाने तिथे राबायचं. त्यांनी बांधलेले तलाव अजून आहेत. 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव. तुमच्या रोखोचा वाडा, शेती आणि गाव हे चित्र मला अगदी ओळखीचं वाटतं.

प्रतिसाद :
मग कोकणातला 'खोत' का नको? कुळांनी खोताच्या शेतात वेठीला जायचं, तेही आपले बैल घेऊन. माझ्या आजोबांच्या बोलण्यात 'वेठ' हा शब्द रोज यायचा. १९४९चा खोती निर्मूलन कायदा झाला तरी शब्द गेला नाही.

लेखिकेचं उत्तर :
दोघांचेही मनापासून आभार. 'वेठ' तर मी लगेच उचलला. जर्मन 'फ्रोन'साठी कोशातल्या 'सक्तीचे श्रम'पेक्षा तो शंभर पटींनी चांगला आहे. आठवड्यातले ठरलेले दिवस आपली जनावरं आणि अवजारं घेऊन धन्याच्या शेतात जायचं, यालाच फ्रोन म्हणत.

'मालगुजार'ने मात्र मला विचारात पाडलं. चित्र खरंच जुळतं, पण शब्दाचा अर्थच 'सारा भरणारा' असा आहे, आणि खोतही सरकारचा सारा गोळा करून भरणाराच. ब्रांडेनबुर्गच्या उमरावाच्या स्वतःच्या शेतीला जमीनसारा माफ होता, तो शेतकऱ्यांच्या जमिनीवर होता. ज्याचा मोठेपणाच सारा न भरण्यात, त्याला मालगुजार म्हणायला हात धजत नाही.

तिथल्या रयतेसाठी 'गुलाम' शब्दही मला नको. त्यांना मालमत्ता बाळगता येई, कोर्टात जाता येई. पण गाव सोडायचं किंवा लग्न करायचं तर धन्याची परवानगी लागे, आणि पोरांना काही काळ त्याच्या घरी चाकरी करावी लागे. हे बंधन जन्माने यायचं. प्रशियात ते मोडणारा हुकूम १८०७चा, म्हणजे रोखो गेल्यानंतरचा. मी 'बांधलेली रयत' असं लिहिते आहे.

'बांधलेली' सुचायला एक कारण आहे. १७७१-७२ मध्ये त्या भागात पूर, नापिकी, साथी असं सगळं एकदम आलं. रोखोने स्वखर्चाने डॉक्टर नेमला, तरी लोक औषध ओतून द्यायचे आणि भोंदूंकडे जायचे. त्या दिवसांत टेबलाशी बसून त्याने जाळ्यात अडकलेल्या सिंहाचं चित्र काढलं. त्याला वाटलं, शेतकऱ्याची बुद्धी अशीच अडकली आहे आणि आपण जाळं कुरतडणारा उंदीर व्हावं. मग खेड्यातल्या शिक्षकांसाठी त्याने पुस्तक लिहिलं आणि १७७३ मध्ये रेकानला शाळा काढली. हे वाचल्यापासून हा माणूस माझ्या मनातून जात नाही. त्याला ठोकळेबाज 'जमीनदार' म्हणायचं जिवावर येतं, पण वेठ त्याच्याही इस्टेटीवर होती, हे झाकणारा शब्दही नको.

म्हणून 'गावधनी' लिहायचं ठरवलं आहे. 'धनी' ही हाक अजून कानाला परकी नाही, आणि तिच्यात माया आणि धाक दोन्ही आहेत.

आता एक शेवटची अडचण. त्या शाळेचे शिक्षक हाइनरिश युलियुस ब्रुन्स आधी रोखोच्याच पदरी होते. १७९४ मध्ये ते वारले तेव्हा धन्याने त्यांचं स्मारक उभारलं. त्यावर नावाखाली चारच शब्द आहेत : 'एर वार आइन लेरर'. जर्मन 'एर'मध्ये मान नाही आणि अपमानही नाही. मराठीत मात्र निवडावंच लागतं : 'तो शिक्षक होता' की 'ते शिक्षक होते'? धन्याने चाकराबद्दल बोलायची रीत धरली तर 'तो'. पण त्या काळी खेड्यातल्या शाळेवर जखमी शिपाई किंवा शिंपीकाम करणारा माणूस बसवत. तिथे एखाद्यासाठी दगडात 'शिक्षक' एवढंच कोरणं हाच मान होता. मी 'ते' लिहिलं आहे.