रात्री शीच्या जागी खाज, पण तपासणीत जंत नाहीत

प्रश्न: मुलगी ६ वर्षांची. झोपल्यावर तास-दोन तासांत खाजवत उठते. झोपेत दात खाते, गालावर पांढरट डाग आहेत. शौच तपासणीत काही आलं नाही. १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी घेतली होती. तरी जंत असू शकतात का? घरात मांजर आहे.

प्रतिसाद १: दात खाणं आणि डाग सोडून द्या, त्यावरून जंत ठरत नाहीत. रात्रीची खाज मात्र सूतकृमींचीच (दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत) खूण वाटते. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालते, म्हणून ती शौचात क्वचितच सापडतात. सकाळी उठल्या उठल्या, शी आणि धुणं व्हायच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू तिथे दाबा, काचपट्टीवर लावून लॅबमध्ये द्या. दुधी टेप नको, सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. लागोपाठ ३ सकाळी करा. झोपल्यावर २-३ तासांनी टॉर्च मारली तर सेंटिमीटरभर पांढरा दोरा वळवळताना दिसू शकतो. मुलींना लघवीच्या जागीही खाज येते. मांजराचा संबंध नाही, हा जंत माणसाकडूनच माणसाला लागतो.

प्रतिसाद २: गोळी घेऊनही परत होण्याचं कारण: अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ (शाळेतली जंताची गोळी) अळ्या-जंत मारतं, अंड्यांवर भरवसा नाही. म्हणून २ आठवड्यांनी दुसरा डोस, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. गरोदर बाई आणि २ वर्षांखालचं मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नखं अगदी बारीक कापा, सकाळी अंघोळ, चड्डी रोज बदला. चादर झटकू नका, अंडी उडतात. गुंडाळून गरम पाण्यात टाका. खाजवताना नखांत अडकलेली अंडी बोटावाटे तोंडात जातात, तिथूनच सगळं परत सुरू होतं.

प्रतिसाद ३: खाज नसेल तर वेगळं बघावं लागतं. दम लागणं, पापण्या आतून फिकट, अनवाणी शेतात वावर: अंकुशकृमी (आतड्यात रक्त पिणारे जंत), हिमोग्लोबिन तपासा. शीमध्ये चपटे पांढरे तुकडे, भोपळ्याच्या बीसारखे: पट्टकृमी (फितीसारखा लांब जंत), एक तुकडा डबीत घालून न्या. तेलकट, घाण वासाचे जुलाब आणि गॅस: बहुधा जिआर्डिया (डोळ्यांना न दिसणारा आतड्यातला परजीवी). त्याला शाळेतली एक गोळी पुरत नाही, औषध डॉक्टरच ठरवतील. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि शी-वायू बंद, असं असेल तर घरी गोळी देऊ नका. गोलकृमींचा (गांडुळासारखे लांब जंत) गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो, थेट दवाखाना गाठा.