मदत हवी आहे: रेडिओलॉजी, सरकारी कॉलेज आणि पेपरवरचं चौथं नाव

मोगरी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी रेडिओलॉजिस्ट. एमडी झालं, एक वर्ष सीनियर रेसिडेन्सी झाली आणि जानेवारी २०२२ पासून एका सरकारी मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. कॉलेजचं नाव नको, पुण्याहून एसटीने साडेतीन तास एवढं पुरे. नवरा आणि तिसरीतली लेक पुण्यात, मी इथे क्वार्टरमध्ये. शनिवारी दुपारी निघायचं आणि सोमवारी पहाटेची गाडी पकडून परत. मे २०२५ पासून चेहरा दाखवून हजेरी, तीही जीपीएसच्या कुंपणात, त्यामुळे सोमवारची गाडी चुकली की दिवस गेला.

येत्या जानेवारीत चार वर्षं भरतात. असोसिएट प्रोफेसर व्हायला एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमाने चार वर्षांबरोबर दोन पेपर आणि दोन कोर्स लागतात, शिकवण्याचा बीसीएमईटी आणि संशोधनाचा बीसीबीआर. कोर्स दोन्ही झालेत. बीसीबीआरचे व्हिडिओ मी रात्री इमर्जन्सीच्या दोन फोनांच्या मधे बघितले, पण पास झाले एकदाची. घोडं अडलंय पेपरांवर.

पहिल्या पेपरात माझं दुसरं नाव आहे, तो धरला. दुसरा पेपर मनापासून केलेला. विषय मी काढला, एथिक्स कमिटीचे खेटे मी घातले, जुने सीटी एकेक करून पुन्हा उघडून मोजमापं मी घेतली. छापून आला तेव्हा माझं नाव चौथं. पहिलं रेसिडेंटचं, तिचा थीसिस होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मधल्या दोघांपैकी एकांनी ती एक्सेल शीट कधी उघडून तरी पाहिली असेल का, देव जाणे. शेवटचं नाव एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सरांचं. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ही माझी चूक. आता आस्थापनेतले भाऊसाहेब म्हणतात, "मॅडम, पहिल्या तिघांत नाव नाही, हा धरता येत नाही." शिवाय माझे तीन केस रिपोर्ट, म्हणजे एकेका पेशंटवरचे छोटे लेख आहेत, पण ते नियमात बसतच नाहीत. म्हणजे चार वर्षांत पाच ठिकाणी नाव छापून आलं आणि धरलं गेलं एकच.

हे चालू असतानाच पुण्यातल्या एका डायग्नोस्टिक सेंटरकडून विचारणा आली आहे. पगार आत्ताच्या दुपटीहून जास्त, सकाळी नऊ ते सहा, संध्याकाळी घरी. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

"मग अडलंय कुठे, जा की" असं आई म्हणते. अडलंय ते सांगते.

आमच्याकडे सकाळी साडेआठला रेसिडेंटांना घेऊन आदल्या दिवशीच्या फिल्म बघायचा रिवाज आहे. मागच्या महिन्यात नवीन जेआरने (ज्युनियर रेसिडेंटने) एका सोळा वर्षांच्या मुलीचा छातीचा एक्स-रे लावला. खोकला, वजन कमी, उजव्या एपेक्सला, म्हणजे फुप्फुसाच्या वरच्या टोकाला, पांढुरकं. त्याने टीबी लिहूनही टाकलं होतं आणि वॉर्डात एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायची तयारी चालली होती. मी त्याला म्हटलं, हा डाग बोटाने गिरव. गिरवत गिरवत बोट कॉलरबोनच्या वर गेलं, फुप्फुसाची हद्द ओलांडून मानेत चढलं. आपोआप थांबला. म्हटलं, टीबी मानेत कसा चढेल रे? मग आम्ही दोघं वॉर्डात गेलो. मुलीच्या खांद्यावरून पुढे घेतलेली, तेल लावून घट्ट घातलेली जाडजूड वेणी. वेणी वर बांधून पुन्हा एक्स-रे काढला, डाग गायब. खोकल्याचं कारण मग दुसरं निघालं, औषधही वेगळं. त्या पोराचा चेहरा मला अजून दिसतो. तो आता कुठलाही एपेक्स वेणी बघितल्याशिवाय सोडणार नाही.

हे पुण्याच्या सेंटरमध्ये नसणार. पण हे कुठल्या फॉर्मातही नाहीये, हेही खरं.

तर विचारायचं ते असं. त्या चौथ्या नावाचं काही होऊ शकतं का? आणि आत्ता खाजगीत गेले आणि दोन वर्षांनी परत यावंसं वाटलं, तर ही चार वर्षं पाण्यात जातात का? या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहा.

लाल_डबा

मी डॉक्टर नाही, एसटीचा प्रवासी आहे. सात वर्षं असाच शनिवार-सोमवार केला. लेक तिसरीतून दहावीत गेली ते मला तिचा बूट लहान होतो तेव्हाच कळायचं. पुणे घ्या. बाकी तुमची मर्जी.

रिकामटेकडा

एआय येतंय हो. दोन-चार वर्षांत रिपोर्ट मशीनच करणार. पद कुठलं आणि प्रोफेसर कुठला!

नाचणीसत्व

@रिकामटेकडा, एआयमधले मोठे संशोधक जेफ्री हिंटन हेच २०१६ साली म्हणाले होते, की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्र पुढे जाईल. त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं, आणि मला दिवसाला आधीपेक्षा जास्त सीटी वाचावे लागतात. सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे, चांगलं आहे, छातीचे एक्स-रे चाळायला मदत होते. वेणीला ते काय म्हणेल, मी एकदा बघणार आहे. असो, धाग्यावर येऊ.

मोगरी, मी तुझ्या उलट्या बाजूला आहे. पाच वर्षं कॉलेजात होते, आता खाजगीत. दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. पहिली म्हणजे नऊ ते सहा हे कागदावर. रिपोर्टांचा आकडा ठरलेला असतो, तो भरला की सहा, नाही भरला तर आठ. ऑफर हातात घ्यायच्या आधी विचार, दिवसाला किती सीटी, किती एमआरआय, सोनोग्राफी कोण करणार, आणि रात्रीचे रिपोर्ट घरी लॉगिन देऊन माझ्याच गळ्यात का. दुसरी गोष्ट पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याची. सोनोग्राफी करायची असेल तर सेंटरने तुझं नाव किमान तीस दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला कळवायचं असतं. आणि एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच ठिकाणी तुला सोनोग्राफीसाठी नाव लावता येतं. सेंटर म्हणेल "मॅडम, सोमवारपासून या, कागद मागाहून करू". अजिबात जाऊ नकोस. गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या फॉर्म एफवर सही तुझी असते, मालकाची नाही.

पैसा मात्र खरंच येतो. खोटं का बोलू.

सह्यवाट

मोगरी, तुला अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. तुझ्या वयाचे माझे विद्यार्थी आहेत. तीस वर्षं सरकारी कॉलेजात शिकवून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं विभागप्रमुख होतो. चौथ्या नावाचं पाप मीही कधीकाळी केलं असेल, तेव्हा उपदेशाचा अधिकार जेमतेमच.

आधी पेपर उघड. पहिलं पान, खाली किंवा डाव्या कडेला पत्रव्यवहाराचा पत्ता असतो. तिथे कोणाचं नाव आणि कोणाचा ईमेल आहे? कारण २०२२ च्या नियमात पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा, म्हणजे करस्पॉन्डिंग लेखक, असं आहे. सगळ्यांना पहिले तीन तेवढे पाठ असतात. भाऊसाहेबांना तक्ता वरून छापून येतो, त्यात रकाने जेवढे, तेवढाच नियम. तुझं नाव तिथे नसेल तर मात्र तो पेपर विसर. छापून आल्यावर नावं हलवायला सगळ्या लेखकांची लेखी संमती लागते, आणि मासिकवाले त्या भानगडीत पडायला नाखूष असतात. त्यात सहा महिने घालवण्यापेक्षा नवीन पेपर लवकर होतो. केस रिपोर्ट एकत्र करून केस सिरीज झाली तर ती धरतात. एकाच आजाराच्या पाच-सहा केसेस तुझ्या सिस्टीमवर पडून असतील, बघ. मासिक मेडलाइन, स्कोपस, डीओएजे वगैरे यादीतलं आहे ना, ते पाठवण्याआधी तपास. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणारे खूप झालेत.

२०२५ च्या जुलैत नवे नियम आले, तेही राजपत्रातून उतरवून स्वतः वाच, व्हॉट्सअ‍ॅपवरचा सारांश नको. त्यात सरकारी रुग्णालयातल्या अनुभवाला दार उघडलंय. किमान २२० खाटांचं सरकारी रुग्णालय असेल तर दहा वर्षांच्या तज्ज्ञाला थेट असोसिएट होता येतं. पण खाजगी सेंटरचा अनुभव शिकवण्यात धरतील या आशेवर राहू नकोस.

आता चार वर्षांचं. पात्रता वेगळी आणि पद वेगळं, ही गाठ पदराला बांध. पात्रता एनएमसीची. ती एकदा झाली की तुझी, मधे खाजगीत गेलीस म्हणून केलेली वर्षं पुसली जात नाहीत. पद मात्र राज्याचं, एमपीएससीची जाहिरात येईल तेव्हा, किंवा तात्पुरत्या ऑर्डरवर. खाजगी मेडिकल कॉलेजं तर पात्र माणूस शोधतच फिरत असतात, रेडिओलॉजीत विशेष. म्हणून चार वर्षं पूर्ण भर. तीन वर्षं दहा महिन्यांवर उठून गेलेले मी पाहिलेत. नंतर दोन महिन्यांसाठी वर्षभर धडपडले.

वेणीची गोष्ट वाचून बरं वाटलं. आमच्या वेळी व्ह्यूबॉक्स होता, फिल्म बघायची दिव्याची पेटी, ओली फिल्म क्लिपला टांगायची, पाणी टपकत असायचं. तुझ्या वेणीसारखाच डाग पाडणारा ताईत पोरांना आम्ही शोधायला लावायचो.

मिशिगनकर

थोडं अवांतर. इथे अमेरिकेत विद्यापीठाच्या हॉस्पिटलात आहे. भारतातली एमडी करून आलो, एकाच संस्थेत सलग चार वर्षं काढून बोर्डाची परीक्षा देता येते, त्या मार्गाने. पद इथेही असिस्टंट, असोसिएट, प्रोफेसर असंच. पण शिकवणाऱ्यांसाठी क्लिनिशियन-एज्युकेटर नावाचा वेगळा रस्ता आहे. त्यात रेसिडेंटांनी दिलेले शेरे, घेतलेली लेक्चरं, बाहेरच्या प्राध्यापकांची पत्रं अशी फाइल तयार करावी लागते. वेणी इथे त्या फाइलीत गेली असती. मात्र दर महिन्याला आरव्हीयूचा आकडा येतो, म्हणजे किती वाचलंत त्याचं वजन. शिकवत बसलं की तो पडतो, आणि तो पडला की कोणीतरी गोड आवाजात विचारतं. तेव्हा दुरून डोंगर साजरे.

जेआर_दोन

मॅडम, मी दुसऱ्या कॉलेजात सेकंड इयरला आहे. आमच्याकडे सकाळचं सेशन गेल्या वर्षी बंद झालं, घेणाऱ्या मॅडम गेल्या म्हणून. आता आम्ही एकमेकांच्या चुका एकमेकांनाच विचारतो. तुम्ही थांबा असं म्हणायचा मला हक्क नाही. फक्त सांगावंसं वाटलं.

लाल_डबा

च्यायला, या पोराने गोची केली. माझं मत अर्धं मागे.

मोगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस ड्यूटी होती म्हणून उशीर.

सह्यवाट सर, तुमचा प्रतिसाद वाचला आणि रात्री अकराला पेपर उघडला. पत्रव्यवहाराला नाव माझं, ईमेल माझा. पेपर सबमिट करताना एचओडी सर म्हणाले होते, "तुझाच पत्ता टाक, मला ते पासवर्ड लक्षात राहत नाहीत." तेव्हा मला ते आणखी एक हमालीचं काम वाटलं होतं. मासिकाकडून आलेले सव्वीस ईमेल मीच निस्तरले.

काल भाऊसाहेबांकडे नियमाची प्रत घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, हे 'किंवा' आमच्या तक्त्यात नाही." माणूस वाईट नाही. म्हणाले, अर्ज द्या, प्रत जोडा, मी वर विचारतो. अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. एचओडी सरांनाही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, बरं झालं. त्याचा अर्थ काय ते मी लावत बसले नाही.

नाचणीसत्व, तुझे प्रश्न जसेच्या तसे पुण्याला पाठवले. सोनोग्राफी "गरज पडल्यास" आणि रात्रीचं लॉगिन "आठवड्यातून दोनदा" असं उत्तर आलं, जे आधी कोणी बोललं नव्हतं. तीस दिवसांचा मुद्दा काढल्यावर त्यांनीच मान्य केलं की नाहीतरी लगेच रुजू होता येणार नाही. मग मी सरळ सांगितलं, फेब्रुवारीच्या आधी जमणार नाही, चालत असेल तर शुक्रवारची मुदत पुढे ढकला. विचार करून सांगतो म्हणाले. म्हणजे जानेवारी तर पदरात पडतोय. पुढचं अजून ठरलेलं नाही. नवऱ्याला ही वाक्यं वाचून दाखवली, तो फक्त "हं" म्हणाला.

@जेआर_दोन, तुमच्या विभागात जुन्या केसेस साठवलेल्या असतील तर आठवड्यातून एकदा तुम्हीच सुरू करा. घेणारं कोणी नसलं तरी डाग गिरवायला बोट पुरतं. अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, फक्त पेशंटचं नाव-वय काढून.

सह्यवाट सर, एक शेवटचं. अनुभव प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेवू का चार वर्षं भरल्यावर? आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या ऑर्डरी तात्पुरत्या आहेत, मधे दोन दिवसांचा ब्रेक दाखवलाय. ते दोन दिवस जानेवारीच्या हिशेबात पुढे सरकवायचे का?

सह्यवाट

भरल्यावर घे, आणि त्यावर रुजू तारीख, पदनाम, विषय आणि "पूर्णवेळ" हा शब्द आहे ना, ते टेबलापाशी उभं राहून वाचून घे. दोन दिवसांचा वाद घालू नकोस. आठवडाभर जास्त थांब आणि मग राजीनाम्याची तारीख टाक.