घर घेताना कुठलं उपनगर निवडलंत, आणि कशावरून? (अनुभव धागा)

कृष्णकमळ

काल माळा आवरताना एक दोनशे पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर ह्यांच्या अक्षरात 'जागा, १९९६'. आत पट्टीने आखलेला तक्ता. वर नावं डोंबिवली, मुलुंड, विरार, बदलापूर. बाजूला पाणी, गाडी, शाळा, दवाखाना, स्टेशनपासून चालत किती. आणि सगळ्यात खाली 'हिचं मत'.

तेव्हा आम्ही लालबागला एका खोलीत सात माणसं. मुलगा तीन वर्षांचा. दर रविवारी पोळीभाजीचा डबा बांधून जागा बघायला निघायचो. हे इमारतीत शिरायच्या आधी समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे आणि मला म्हणायचे, "पिंपं मोज." गॅलरीगणिक दोन-दोन निळी पिंपं दिसली की दलाल कितीही शपथा घेवो चोवीस तास पाणी म्हणून, आम्ही जिना चढायचोच नाही. स्टेशनचंही तसंच. दलाल सांगायचा सात मिनिटं. हे दोन्ही हातांत पिशव्या घ्यायचे, मी मुलाला कडेवर घ्यायचे आणि घड्याळ लावून चालायचो. वहीत एके ठिकाणी लिहिलंय, 'सांगितली ७, लागली १९'.

हिशेबाने विरार पुढे होतं. त्याच पैशात एक खोली जास्त. डोंबिवलीला फास्ट गाडी थांबते आणि ह्यांचं ऑफिस फोर्टात, एवढीच जमेची बाजू. पण डोंबिवलीची जागा बघायला गेलो तेव्हा मुलगा उन्हाने रडत होता. शेजारच्या दारातून एक काकू आल्या, "आत आणा त्याला, दूध कोमट करून देते" म्हणाल्या. खालच्या रकान्यात मी दोनच शब्द लिहिले होते, 'शेजार चांगला'. साडेचार लाखांत घेतलं. ह्यांचा पीएफ आणि माझ्या पाटल्या. त्या काकू आजही शेजारी आहेत.

पण कारखाने किती लांब आहेत, ही ओळ त्या तक्त्यात नव्हतीच. रात्री खिडकी उघडली की येणारा वास, आणि मे २०२४ मध्ये एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा थरथरलेल्या काचा, हे आम्हाला १९९६ मध्ये सुचलं नाही.

आता मुलगा-सून घर शोधताहेत. घोडबंदर, बदलापूर, नाहीतर इथेच. दोघं रात्री जेवून झाल्यावर फोनवर दर बघत बसतात. म्हणून विचारते, तुम्ही काय बघितलंत आणि काय बघायचं राहून गेलं?

उल्हासकाठ

बदलापूर असेल तर जुलैत जा. उन्हाळ्यात सगळीच जागा चांगली दिसते.

२६ जुलै २००५ ला आम्ही तळमजल्यावर होतो. पाणी आलं ते आधी मोरीतून. मग दारातून. आई, मी आणि धाकटा भाऊ वरच्या मजल्यावर परक्या घरात दोन रात्री. कपाटातली लग्नाची साडी, शाळेचे दाखले, सगळं गाळात. नंतर २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती ना, तेच पाणी, तीच उल्हास नदी.

तरी मी लग्नानंतर बदलापुरातच घर घेतलं. पण घेण्याआधी त्या रस्त्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारलं, २००५ ला पाणी कुठवर होतं? त्याने शटरच्या बाजूची भिंत दाखवली, छातीइतकी रेघ. दोन गल्ल्या वर गेलो, तिथल्या पिठाच्या गिरणीवाल्याने गुडघ्याला हात लावला. आणखी वर गेलो, तिथली बाई म्हणाली, आमच्याकडे लोक राहायला आले होते. तिथे घेतलं.

चेकनाका

मुलुंड आणि ठाणे यांच्यामध्ये फक्त रस्ता. अलीकडे मुंबई महापालिका, पलीकडे ठाणे. आम्ही अलीकडे घेतलं, ४८० फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आत मोजलेलं. तेवढ्याच पैशात पलीकडे ६०० मिळत होतं आणि बायको वर्षभर हळहळत होती. २०२२ पासून मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली :)

पाणी हे खरं कारण होतं. मुंबईचं पाणी ते मुंबईचं पाणी.

सोनचाफा

@कृष्णकमळ, पिंपं मोजणं वाचून अंगावर काटा आला. माझे बाबा अगदी हेच करायचे. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

पापडीचा

विरारला नाही म्हणालात म्हणून थोडं वाईट वाटलं, पण खरं आहे. आम्ही वसईचे. खाडीवरून रेल्वेचा पूल आहे, गाडीरस्ता मात्र घोडबंदरवरून वळसा घालून. म्हणजे रेल्वे बंद तर आपण बंद. जुलै २०१८ ला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी आलं, वीजही गेली. बायको अंधेरीला मैत्रिणीकडे, मी घरी दोन मुलांना घेऊन मेणबत्तीत. २०२४ ला भाईंदरची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुरू झाली, त्याने जरा बरं झालंय.

पण सकाळी दार उघडलं की केळीची वाडी, विहीर, कोंबडा आरवतो. ठाण्याला पाहुणा म्हणून गेलो तर मला दुसऱ्या दिवशी परतावंसं वाटतं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

भाकरवडी

@पापडीचा वसईची सुकेळी अजून मिळते का हो? माझी आजी दिवाळीच्या आधी आणायची, केळीच्या सोपात बांधलेली. विषयांतर आहे, माफ करा, पण वसई म्हटलं की तेच आठवतं.

पापडीचा

मिळते, पण करणारी घरं कमी राहिलीत. राजेळी केळी लागतात, आणि रोज उन्हात घालून रोज उचलायची, सात-आठ दिवस. ढग आले की सगळं फुकट. एका घरात अजून करतात. तुम्हाला निरोपात सांगतो.

भाकरवडी

🙏🙏

मुठाकाठ

पुण्याचं लिहू का? २०१४ ला वाकडला घेतलं, कारण दोघांचंही ऑफिस हिंजवडीत. सव्वा वर्षात माझी कंपनी खराडीला गेली. गावाचं एक टोक ते दुसरं टोक. सकाळी सातला निघायचे, मुलगी झोपलेली. रात्री साडेआठला यायचे, मुलगी झोपायला आलेली. शनिवारी ती मला म्हणाली, "तू आज पण खराडीला राहणार?" तिला वाटायचं मी तिथेच राहते. त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि टँकर. घर बघताना नळ सोडून बघितला, धो-धो पाणी. ते टँकरचं आहे हे कोण सांगणार? उन्हाळ्यात सोसायटीच्या खर्चात निम्म्याहून जास्त टँकर. कुणीही घर बघायला गेलात तर मार्च ते मे ह्या तीन महिन्यांच्या मेंटेनन्सची बिलं मागा. द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

२०१९ ला ते विकून सिंहगड रोडला आलो. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांत शिरलं. आम्ही चढावर आहोत, वाचलो. पण त्या रात्री पार्किंगमध्ये तिथली ओळखीची माणसं ओल्या कपड्यांत उभी होती. आमच्या सासूबाईंनी रात्री दोनला पिठलंभात टाकला.

कृष्णकमळ

@मुठाकाठ, लेकीचं वाक्य वाचून डोळे भरून आले गं. आता किती मोठी आहे?

मुठाकाठ

दहावीला. आता तीच रात्री साडेआठला क्लासहून येते :)

नोंदणीवाला

सगळे पाण्यावर बोलताहेत, मी कागदांवर बोलतो. ओसी. भोगवटा प्रमाणपत्र. ते नसताना ताबा घेऊ नका, घेऊ नका, घेऊ नका.

२००९ ला बिल्डरने चावी दिली, पेढे दिले, "ओसी महिन्याभरात" म्हणाला. अकरा वर्षं लागली. तोवर पाणीपट्टी वाढीव दराने, विकायला काढलं तर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देईना. ७२० फूट म्हणून घेतलं होतं, सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीतला वाटाही धरून. टेप लावून मोजलं तर आतून ४९०. आता मे २०१७ पासून रेरा (बिल्डरांवर वचक ठेवणारा कायदा) आहे, कार्पेट एरियावरच विकावं लागतं, प्रकल्पाची सगळी माहिती महारेराच्या साइटवर दिसते. आमच्या वेळी हे नव्हतं. तुमच्या मुलाला म्हणावं, नोंदणी क्रमांक टाकून स्वतः बघ, दलालाने पाठवलेल्या पीडीएफवर जाऊ नकोस. ओसी मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटीही लागत नाही. आणि महिलेच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, सूनबाईंच्या नावावर घ्या.

कृष्णकमळ

हे सुनेला वाचून दाखवलं. ती खूश, मुलगा विचारात.

सुरमई

पाणी, कागद, स्टेशन सगळं जुळलं होतं. पश्चिम उपनगर, नाव घेत नाही. बयाणा द्यायला गेलो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "मासे खाता का?" मी मालवणची. हो म्हणाले. मग तीन दिवसांनी मालकाचा फोन, घरच्यांचा विकायचा विचार बदलला.

राग आला, पण जास्त अपमान वाटला. नवरा म्हणाला, खोटं बोलायचं होतंस. मी म्हटलं, स्वतःच्या घरात खिडक्या लावून बांगडा तळू का? आता कांजूरला आहोत. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर कढीचा वास, चौथ्यावर सुक्या जवळ्याचा. मला त्या वासाने घरी आल्यासारखं वाटतं.

सोनचाफा

@सुरमई मिठी. आमच्याकडेही एकदा असंच झालंय, विषय काढला की अजून दुखतं.

ओकट्रीरोड

मी एडिसन, न्यू जर्सीहून. इथे घर बघताना पहिला प्रश्न शाळेचा, कारण पत्त्यावरून शाळा ठरते. रस्त्याच्या ह्या बाजूला एक शाळा, त्या बाजूला दुसरी, आणि घरांच्या किमतीही तशाच. आम्ही शाळा बघितली, मालमत्ता कर बघितला (इथे तो फार आहे), मेट्रोपार्क स्टेशन जवळ म्हणून खूश झालो. स्टेशनजवळ गाडी लावायचं बघितलं नाही! पहिला हिवाळा बर्फातून चालत काढला.

२०२१ ला आयडा वादळात तळघरात पाणी. गणपतीची आरास, मखर, आईने बेळगावहून पाठवलेली समई, सगळं खाली होतं. समई धुऊन पुसून आता देवघरात. पूरक्षेत्राचे नकाशे इथे घरबसल्या बघता येतात, आम्ही बघितले नव्हते. @उल्हासकाठ, किराणा दुकानदाराची भिंत हा त्याहून चांगला नकाशा आहे.

उलवेकर

नवी मुंबई कुणीच लिहिली नाही? नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे म्हणून मोठा भाऊ नेरूळला निवांत. मी पैसे कमी म्हणून २०१५ ला उलव्याला आलो. उलवे त्या महापालिकेत नाही, हे मला करारानंतर कळलं. नकाशावर दोघं शेजारी.

गाडी २०१८ ला खारकोपरपर्यंत आली, २०२४ ला उरणपर्यंत गेली. तोवर बस, नाहीतर कुणाच्या तरी बाइकवर मागे. विमानतळ येणार, विमानतळ येणार हे ऐकत मुलगा पाचवीत गेला. ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं तेव्हा आम्ही गच्चीवर पेढे वाटले. जी सोय आज डोळ्यांनी दिसते तेवढीच धरा. पुढची आली तर आनंद, पण तिच्या भरवशावर लहान मूल घेऊन राहणं फार कठीण जातं. माझ्या बायकोने ते काढलं.

सोनचाफा

आले. कुकर झाला, भांडीही झाली.

आमचं घर बाबांनी कळव्याला घेतलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा ते ३८ वर्षांचे, दोन-दोन पायऱ्या चढायचे. आता आईचे गुडघे. गेली चार वर्षं ती फक्त दवाखान्यासाठी खाली उतरते. भाजीवाल्याला वरून टोपली सोडते, दोरी बांधून. परवा मी विचारलं, काय आणू? म्हणाली, खालच्या बाकावर बसवून आण. दोघींना उतरायला पंचवीस मिनिटं लागली. खाली तिच्या वयाच्या तिघी होत्या, त्यांनी तिला ओळखलं नाही आधी.

मुलाला म्हणावं, लिफ्ट बघ. आणि लिफ्टला जनरेटर आहे का तेही.

घरकुल२४

डोंबिवली पूर्वेत चांगला रंगारी कोणी सांगेल का? दोन खोल्या, मार्चच्या आत.

चेकनाका

@घरकुल२४ नवीन धागा काढा ना, इथे हरवेल. माझ्याकडे एकाचा नंबर आहे, तिथे देतो.

कृष्णकमळ

@सोनचाफा, लिफ्ट आणि जनरेटर दोन्ही लिहून घेतलं. आईंना माझा नमस्कार सांग.

काल रात्री सुनेने फोन बाजूला ठेवला आणि ती वही मागितली. पुढच्या कोऱ्या पानावर पट्टीने आखलं. तुमच्या सगळ्यांच्या ओळी त्यात आल्यात. पुराची रेघ, मार्च ते मेची बिलं, ओसी, लिफ्ट, कारखाने किती लांब, मासे चालतात का. ह्यांनी चष्मा लावून वाचलं, "स्टेशनपासून चालत" ही ओळ विसरलीस म्हणाले आणि स्वतःच्या हाताने घातली. तळाची ओळ तिने रिकामी ठेवलीय. तिथे ती काय लिहिते ते मी विचारणार नाही.

रविवारी बदलापूर पूर्वेला दोन जागा बघायला जातोय. @उल्हासकाठ, तुमच्या भागात पाणी किती वाजता येतं?

उल्हासकाठ

आमच्याकडे पहाटे साडेपाच ते सात. इमारतींप्रमाणे बदलतं, पत्ता निरोपात पाठवा, मी आधी जाऊन विचारून ठेवते. आणि डबा बांधून आणू नका, दुपारी आमच्याकडेच जेवा. भाकरी टाकते.