झेरॉक्सच्या दुकानासाठी टॅबलेट घ्यावा की कार्ड मशीन?

कराडकर: कॉलेजसमोर स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक क्यूआर स्कॅन करतं, पण ॲडमिशनच्या दिवसांत पालक कार्ड पुढे करतात. भाचा म्हणतो, "मामा, टॅब घ्या, बिलिंगपण होईल." बँकेचा माणूस मशीन गळ्यात मारतोय. काय घेऊ?

हार्डवेअरवाला: दादा, टॅबला कार्डाची खाच नसते. चिपचं कार्ड घालून पिन घ्यायचा तर मशीनच लागतं. त्याचं कीपॅड त्याच कामासाठी तपासलेलं असतं, उघडायला गेलात तर आतल्या किल्ल्या, म्हणजे पिन सुरक्षित ठेवणारे गुप्त कोड, पुसून बंद पडतं. टॅब बिलिंगला झकास, पण वेगळा थर्मल प्रिंटर घ्यावा लागतो. माझ्याकडे सिमेंटच्या धुळीनं टॅबचं चार्जिंगचं भोक बुजतं, दर आठवड्याला टूथब्रश मारतो. मशीनचं भाडं मात्र गिऱ्हाईक येवो न येवो, दर महिन्याला कापलं जातं. सही करण्याआधी ते लिहून घ्या.

मेडिकलवाली: यूपीआय आणि रुपे डेबिटवर जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं कमिशन, शून्य आहे. कमिशन जातं ते क्रेडिट कार्डावर आणि व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिटवर. 5,000 रुपयांपर्यंत कार्ड मशीनला टॅप केलं की पिन लागत नाही, गर्दीत बरं पडतं.

कराडकर: म्हणजे दहा रुपयांच्या झेरॉक्सला क्यूआर आणि साउंडबॉक्सच बरा. मशीन ॲडमिशनपुरतं देतात का, उद्या विचारतो.

हार्डवेअरवाला: विचारा, पण परत करताना काय कापतात तेही विचारा.